‘दोन वॉकीटॉकी घेऊन ठेवा, पुरात निर्धास्त राहाल’ : या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

जून उजाडला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: पूर आला, वादळ झालं, दरड कोसळली की मोबाइल सर्वांत आधी बंद पडतो. म्हणून घरोघरी दोन चिनी वॉकीटॉकी हव्यात. जोडी दोन-तीन हजारांत मिळते, रेंज दहा-पंधरा किलोमीटर. संकटाच्या वेळी लायसन लागत नाही. याच सेटवरून पोलिसांशी आणि अग्निशमन दलाशी थेट बोलता येतं. सेट घ्यायचा नसेल तर फोनवर वॉकीटॉकीचं ॲप टाका, ते नेटशिवाय चालतं.

मोबाइल बंद पडण्याबद्दलचं म्हणणं खोटं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीजही नव्हती आणि फोनही. टॉवर उभा असला तरी त्याची बॅटरी काही तासांत संपते, जनरेटरचं डिझेल पोहोचत नाही, रस्ता खचला की फायबर तुटते. नेटवर्क अर्धमेलं असतं तेव्हा सगळे एकदम फोन लावतात आणि कोणाचाच लागत नाही. (अशा वेळी साधा एसएमएस पाठवून पाहावा. कॉल लागत नसतानाही तो बरेचदा जातो.) तयारी करायलाच हवी. पण या संदेशाच्या भरवशावर केलेली तयारी ऐन वेळी दगा देईल, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

‘रेंज दहा-पंधरा किलोमीटर’

वॉकीटॉकीच्या व्हीएचएफ आणि यूएचएफ (रेडिओच्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांतल्या) लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा बाक कुठे आड येतो ते काढायचं सूत्र सोपं आहे. दोन्ही अँटेनांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरजेला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोघांनी सेट दीड-दीड मीटरवर धरले असतील तर साधारण १० किलोमीटर. ही अगदी सपाट, मोकळ्या जागेची मर्यादा आहे. घरं, झाडं, डोंगर तिच्यात धरलेले नाहीत. दाट वस्तीत पाच वॉटचा हातातला सेट एक-दोन किलोमीटर चालतो, सिमेंटच्या इमारतीच्या आतून त्याहून कमी. डोंगराची सोंड मध्ये आली तर अर्ध्या किलोमीटरवरचा माणूसही ऐकू येत नाही.

‘मग जास्त वॉटचा घ्या’ असं लगेच कोणीतरी सुचवतं. एक वॉटवरून पाच वॉटवर गेल्याने सिग्नल ७ डेसिबलने वाढतो. मोकळ्या आकाशात त्याने अंतर सव्वादोनपट होईल, अडथळ्याआड फरक फारसा जाणवत नाही. उंचीने मात्र जाणवतो. तेच सूत्र एका माणसाला २० मीटर उंच गच्चीवर उभं करून लावा: १० चे २३ किलोमीटर होतात, आणि मधली घरंही बरीचशी खाली राहतात. वाडीत सेट चार असतील तर एक जण टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ बसवावा आणि बाकीच्यांचे निरोप त्याने पुढे सांगावेत. या मधल्या माणसाशिवाय केलेली योजना पहिल्याच वळणावर तुटते.

हॅम, म्हणजे परीक्षा देऊन होणाऱ्या हौशी रेडिओचालकाचा, परवाना असलेल्यांनी सेटसोबतच्या आखूड रबरी अँटेनेवर थांबू नये. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन अँटेना एका दुपारी होते. एक एसओ-२३९ सॉकेट (अँटेनेची केबल जोडायचं) घ्या. मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची उभी तांब्याची किंवा पितळी तार डागा. सॉकेटच्या चार कोपऱ्यांना ५२-५२ सेंटिमीटरच्या चार तारा जोडून ४५ अंशांत खाली वाकवा. माती होते ती केबलमध्ये. आरजी-५८ केबल १० मीटर वापरली तर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे २ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शक्ती केबलमध्येच जिरते. ४३५ मेगाहर्ट्झला अर्ध्याहून जास्त. केबल लागेल तेवढीच ठेवा, किंवा जाड आरजी-२१३ घ्या. जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि सॉकेटखाली केबलला एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. जाड केबल सेटवरच्या अँटेनेच्या नाजूक एसएमए सॉकेटला थेट लावली तर ते सैल होऊन तुटतं. मध्ये वीतभर बारीक केबलचा तुकडा हवाच.

आणि घाट? चिपळूणहून सह्याद्रीपलीकडच्या पाटणला सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये अख्खी रांग. तिथे वॉकीटॉकीचा काही उपयोग नाही. इथे हॅम मंडळी ७ मेगाहर्ट्झचा एचएफ, म्हणजे बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीचा सेट लावतात. सुमारे २० मीटर लांबीच्या तारेचा डायपोल, दहा-दहा मीटरचे दोन हात, मुद्दाम कमी उंचीवर, चार-सहा मीटरवरच बांधायचा. लहर जवळपास सरळ वर जाते, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतते आणि आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर छत्रीसारखी उतरते. डोंगर आड येतच नाही. रात्री ७ मेगाहर्ट्झ जवळच्या अंतराला साथ सोडतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं, आणि तार दुप्पट, ४० मीटरच्या आसपास लागते. दिवसा चाललेला संपर्क रात्री तुटला म्हणून सेट बिघडला असं समजून तो उघडत बसू नये. दोन्ही तारा आधीच कापून, गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवाव्यात.

‘संकटात लायसन लागत नाही’

हे म्हणणं बहुतेक अमेरिकी व्हिडिओंतून आलेलं दिसतं. तिथल्या हॅम नियमांत जीव वाचवण्यासाठी कोणतंही उपलब्ध साधन वापरण्याबद्दल एक कलम आहे, तेही लोक ताणून सांगतात. शिवाय तिथे एफआरएस नावाची बिनपरवान्याची सेवा आहे, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर. ते सेट भारतात चालवता येत नाहीत. अमेरिकेतून येताना भाच्याने हौसेने जोडी आणली असेल तर ती इथे वापरू नका.

भारतात व्हीएचएफ-यूएचएफ वॉकीटॉकीसाठी परवान्यातून सूट असलेला पट्टा एकच: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. हे सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात. घेताना उपकरणाला ईटीए, म्हणजे सरकारी प्रकार-मंजुरी आहे का ते विचारा. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची गरज विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवी, असं त्यांत आहे. जिथे ती माहितीच दिलेली नाही तिथून घेऊ नका.

बाओफेंग यूव्ही-५आरसारखा लोकप्रिय सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर कुठेही बोलू देतो. त्या पट्ट्यांत जहाजांचं संकटाचं चॅनल १६ आहे (१५६.८ मेगाहर्ट्झ), पोलीस आहेत, रेल्वे आहे. न शिकलेल्या हाताने बटण दाबून धरलं तर कोकण किनाऱ्यावर एखाद्या नौकेची हाक दाबली जाऊ शकते.

हॅम परवाना अवघड नाही. वय १२ पूर्ण हवं. दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर अर्ज करून परीक्षा द्यायची: इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आणि नियम. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेषांची संकेतलिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने लागतं. कॉलसाइन, म्हणजे चालकाची हवेतली ओळख, व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होते. हॅमसाठीचे पट्टे व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. कागदपत्रांना वेळ लागतो, त्यामुळे पावसाळ्यासाठी अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा, मे महिन्यात नाही. सेट परवाना हाती आल्यावर घ्यावा.

‘पोलिसांशी थेट बोला’

नाही. अनेक ठिकाणी पोलिसांची यंत्रणा डिजिटल आणि कूटबद्ध झालेली आहे, तिथे हा सेट शिरूच शकत नाही. जुनी ॲनालॉग यंत्रणा असेल तिथे तुमची हाक मदतीच्या संभाषणावर आदळेल, आणि तो गुन्हाही आहे. फोनला थोडीशीही रेंज असेल तर ११२, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

सुनामीच्या दिवशी, २६ डिसेंबर २००४ ला, पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओने मुख्य भूमीशी दुवा जुळवला हे उदाहरण या संदेशांत नेहमी देतात. ते खरं आहे आणि अभिमानाचंही. पण नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओचा चमू तिथे आधीपासून परवानगीने व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर एचएफ केंद्र चालवत होता. अँटेना उभी होती, चालवणारे तरबेज होते, ऐकणारे रोज कान देऊन होते. कपाटातल्या सेटकडे यांतलं काहीच नसतं.

‘ॲप नेटशिवाय चालतं’

झेलोसारख्या ॲपना इंटरनेट लागतंच. २०१७ च्या इर्मा वादळात अमेरिकेत हीच अफवा उठली, तेव्हा कंपनीलाच खुलासा करावा लागला. ब्लूटूथवर चालणारी ॲप खरोखर नेटशिवाय चालतात, पण एका फोनपासून दहा-पन्नास मीटरच. लोरा या कमी शक्तीच्या रेडिओवर छोट्या उपकरणांचं जाळं विणणारं मेशटास्टिक मात्र चांगलं पूरक साधन आहे. त्यावर बोलणं नाही, फक्त छोटे लेखी निरोप. प्रदेश ‘भारत’ निवडायचा, सगळ्यांकडे तीच चॅनल-किल्ली आणि तोच वेगाचा पर्याय हवा, आणि एक-दोन उपकरणं उंचावर.

‘घेऊन ठेवा’

सर्वांत घातक भाग हाच. यूव्ही-५आरवर एकमेकांना ऐकू न येण्याची कारणं बहुधा मेनूत असतात. मेनू २५ मध्ये ऑफसेट चालू राहिला की ऐकणं एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलणं दुसऱ्याच. थेट बोलण्यासाठी तो बंद हवा. मेनू ११ मध्ये टोन (आवाजासोबत जाणारा ठराविक खूणसूर) लागला की तो टोन न पाठवणाऱ्याचा आवाज येतच नाही. मेनू ७ चा ड्युअल वॉच (दोन चॅनलवर लक्ष ठेवणं) चालू असेल तर नुकत्याच आवाज आलेल्या दुसऱ्या चॅनलवर तुमचं बोलणं जाऊ शकतं. तोही बंद ठेवा. मेनू ९ मध्ये बोलण्याची मर्यादा ६० सेकंद करा, म्हणजे खिशात दाबलं गेलेलं बटण चॅनल अडवून बसणार नाही.

बॅटरी पूर्ण भरून वर्षभर ठेवली की खराब होते. निम्मी भरून, सेटपासून वेगळी ठेवावी, तीन महिन्यांनी पाहावी. मूळ चार्जिंग स्टँडला १० व्होल्ट लागतात, पॉवरबँकेच्या ५ व्होल्टवर तो चालत नाही. व्होल्टेज वाढवणारी यूएसबी केबल वेगळी घ्यावी लागते. सेट अखंड चालू ठेवला तर बॅटरी साधारण अर्धा दिवस. सगळ्यांनी फक्त दर तासाची पहिली पाच मिनिटं चालू करायचं ठरवलं तर दिवसाला दोन तास होतात आणि तीच बॅटरी निदान चार-पाच दिवस पुरते. मात्र घड्याळं जुळलेली हवीत.

सोसायटीला किंवा वाडीला आमचा सल्ला असा. ४४६ मेगाहर्ट्झचे चार-सहा मंजूर सेट, एक मुख्य आणि एक राखीव चॅनल, दोन्हींचे आकडे सेटवर चिकटवलेले. घरात पेन्सिल सेलवर चालणारा साधा रेडिओ. त्याला परवाना लागत नाही, आणि आकाशवाणीचं जवळचं केंद्र आजच लावून आकडा लिहून ठेवावा. जिल्ह्यातल्या हॅम चालकांशी ओळख आत्ताच करून घ्यावी.

निरोप लिहूनच सांगावा: कोण बोलतंय, नेमकी जागा, काय झालं, किती माणसं, काय हवं, वाजले किती. बटण दाबून एक सेकंद थांबून बोलायला लागावं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा गावाचं नाव असतो. ऐकणाऱ्याने आकडे आणि जागा परत वाचून दाखवावी. हा सराव महिन्यातून एकदा, एखादा तरी भर पावसात, खिडक्या लावून घरातूनच करावा. कोणत्या घरातून कोणाला ऐकू येत नाही ते नकाशावर लिहून ठेवावं आणि मधला माणूस कुठे बसवायचा ते त्यावरून ठरवावं.