सतरा सप्टेंबरचा फॉरवर्ड आणि तेरा तारखेचं गणित

सप्टेंबर उजाडला की हा मेसेज मराठवाडाभर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या वहिनींच्या मोबाइलवर आला आणि मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला शाळेत तोच वाचून दाखवायच्या बेतात त्या होत्या. म्हणून आता गप्प बसवत नाही.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही अशा भाग्यवंतांसाठी सारांश. १९४८ साली नेहरू परदेशात होते. सरदार पटेलांनी संधी साधली आणि कुणाला न विचारता रातोरात हैदराबादेत फौज घुसवली. जिना वारले तसा लगेच हुकूम सुटला. एक गोळी न झाडता, कुणाच्या केसालाही धक्का न लावता पाच दिवसांत निजाम गुडघ्यावर आला. युनोला पत्ता लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आणि शेवटी बोध: युद्ध हे खमक्या माणसाचं काम, त्यात संसद, पक्ष, राजकारण यांनी लुडबुड करायची नसते.

‘नेहरू परदेशात होते’ हे सगळ्यात हास्यास्पद, म्हणून तिथूनच सुरुवात. नेहरू लंडनला गेले ते ऑक्टोबर १९४८ मध्ये, राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांच्या परिषदेसाठी. तोवर हैदराबादेत लष्करी गव्हर्नर बसलेला होता. सप्टेंबरात ते दिल्लीतच होते. ७ सप्टेंबरला त्यांनी स्वतः घटना समितीत उभं राहून जाहीर केलं की रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची खाजगी सशस्त्र सेना, बरखास्त करा आणि सिकंदराबादेत आमची फौज परत येऊ द्या. भर सभागृहात, वर्तमानपत्रांसमोर. ज्याच्यापासून लपवायचं तोच माणूस सहा दिवस आधी जाहीर इशारा देतोय, ही कसली गुप्त मोहीम?

बरं, फौज हलते कशी याचा तरी विचार करा. सरदारांकडे गृहखातं होतं आणि संस्थान खातं होतं. रणगाडे यापैकी कुठल्याच खात्यात नसतात. संरक्षणमंत्री बलदेवसिंग. मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष खुद्द नेहरू. सरसेनापती जनरल रॉय बुचर, म्हणजे इंग्रज. हवाई दलाचे प्रमुख एल्महर्स्ट, तेही इंग्रज. हुकूम तिथून पुण्याला सदर्न कमांडकडे, म्हणजे लष्कराच्या दक्षिण विभागाकडे, लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजींकडे, आणि त्यांच्याकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या आर्मर्ड डिव्हिजनकडे, म्हणजे रणगाड्यांच्या दलाकडे. सोलापूरला रणगाडे उभे करायचे, पेट्रोल, दारूगोळा, पुलाचं सामान, इस्पितळं, पुण्याहून उडणारी विमानं यांची जुळवाजुळव करायची आणि यातलं पंतप्रधानांना काहीच कळू द्यायचं नाही? तालुक्याच्या गावात पोलिसांची जादा कुमक आली तरी चहाच्या टपरीवर आदल्या दिवशी कळतं.

आता पुरावा. व्ही. पी. मेनन हे संस्थान खात्याचे सचिव, सरदारांचा उजवा हात. नेहरूंना मोठं करण्याचं त्यांना काहीच कारण नव्हतं. संस्थानांच्या विलीनीकरणावर त्यांनी १९५६ साली जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात हैदराबादला तीन प्रकरणं दिली. फौज पाठवायचा निर्णय भारत सरकारने ९ सप्टेंबरला घेतला, तो सदर्न कमांडला कळवला आणि सोमवारी १३ तारखेला भल्या पहाटे हद्द ओलांडायची ठरलं, असं ते सांगतात. निर्णय सरकारचा. जिना वारले ११ तारखेच्या रात्री, म्हणजे निर्णयानंतर दोन दिवसांनी. तो मुद्दाही इथेच मिटला.

एक अर्धसत्य मात्र कबूल करावं लागतं, हौसेने नाही. नेहरू आणि पटेल यांच्यात कधी आणि कसं यावरून खरंच ताणाताणी होती. पटेलांना घाई होती, नेहरू कचरत होते. बुचरसाहेब तर शेवटपर्यंत तारीख पुढे ढकला म्हणत होते. पण दोघांचं पटत नव्हतं एवढ्यावरून एकाने दुसऱ्याला अंधारात ठेवलं असं होत नाही. नेहरूंच्या मनातही काश्मीर होतं, दंग्यांची भीती होती. फाळणीचं रक्त वाळलेलं नव्हतं, ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला होता. हैदराबादेत तोफा वाजल्या तर दिल्ली, लखनौ, मुंबईत काय होईल हा प्रश्न बावळटपणाचा नव्हता. हेच ते राजकारण, ज्याचा युद्धाशी संबंध नाही असं मेसेज म्हणतो.

मग प्रश्न येतो १३ महिन्यांचा. १५ ऑगस्ट १९४७ लाच का नाही घुसले? कारण घुसायला फौजच मोकळी नव्हती. लष्कराची वाटणी चालू, पंजाबात निर्वासितांचे तांडे, ऑक्टोबरपासून काश्मीर. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला आणि त्यानंतर सिकंदराबादची आपली फौजही माघारी आली. माउंटबॅटन २१ जून १९४८ पर्यंत दिल्लीत होते आणि वाटाघाटींनीच सुटेल हा त्यांचा हट्ट होता. इतकं सरळ आहे ते.

पण खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. उशीर का झाला हे राहू द्या, सप्टेंबरच का?

शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. सप्टेंबर म्हणजे मराठवाड्यात भरवशाच्या मोठ्या पावसाचा महिना, परतीचा पाऊस अजून यायचाय. काळ्या रानात वाफसा नसतो, बैलजोडी घालता येत नाही, आणि हे घालणार होते तीस-तीस टनांचे शर्मन. रणगाडा पट्ट्यांवर एक वेळ निघेल. त्याच्यामागचे पेट्रोलचे आणि दारूगोळ्याचे चाकांचे ट्रक रस्ता सोडून दोन हात बाजूला गेले की आसापर्यंत रुतणार. आणि पेट्रोल मागे अडकलं की पुढचा रणगाडा नुसतं लोखंड. मनमाड–औरंगाबाद–नांदेड रेल्वे मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. ब्रॉडगेजने अवजड सामान थेट येऊ शकत होतं ते सोलापूरला. म्हणून मुख्य वाट एकच: सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद. सुमारे ३०० किलोमीटर, एकच पक्का रस्ता, दोन्ही बाजूंना चिखल.

आणि त्या रस्त्यावर हद्द ओलांडताच नळदुर्गची बोरी नदी. तो पूल उडवला असता तर पावसाळ्यात सगळी डिव्हिजन अलीकडच्या काठावर खोळंबली असती. नदीला उतार मिळत नाही, काठ भुसभुशीत, तात्पुरता पूल टाकायचा तर त्याचं सामान त्याच रस्त्याने पुढे आणायचं आणि रस्त्यावर मैलोगणती गाड्यांची रांग. म्हणून १३ तारखेच्या पहाटेचं पहिलं काम होतं तो पूल धड हातात घेणं. तो मिळाला आणि पुढचं सोपं झालं.

आता निव्वळ लष्करी डोक्याने विचार केला तर दिवाळीनंतर जाणं उत्तम. रानं सुकलेली, नद्या उतरलेल्या. तरीही सरकारने चिखलातली तारीख घेतली. का? उत्तर लष्कराच्या नकाशात सापडत नाही, राजकारणात सापडतं.

एक, रझाकारांच्या जाचाने उस्मानाबाद, बीड, नांदेड, परभणीकडची माणसं घरदार टाकून सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाडात आली होती. त्यांना जेवू घालायचं, हद्दीवर पोलीस ठेवायचे, तो भार मुंबई आणि मध्य प्रांत–वऱ्हाड सरकारांवर. ही सरकारं चालवणारे बाळासाहेब खेर, मोरारजी, रविशंकर शुक्ल हे काही नेहरूंचे विरोधक नव्हते, त्यांच्याच पक्षाचे. पक्षातलीच माणसं तक्रार करायला लागली की दिल्लीला कानाडोळा करता येत नाही. त्यात २२ मे १९४८ ला गाणगापूर स्टेशनात मद्रास–मुंबई मेलवर हल्ला झाला. तोवर हैदराबादचा प्रश्न हा हैदराबादच्या लोकांचा होता. मेल अडवली तेव्हा तो मुंबई आणि मद्रासच्या मध्यमवर्गाचा झाला.

दोन, आपलीच माणसं. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, पण उमरखेडपासून बार्शीपर्यंत हद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प चालू. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांची मंडळी नाकी उडवत होती, रझाकारांच्या ठाण्यांवर हल्ले करत होती. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली ती याच कॅम्पवाल्यांनी. हद्द रोज पेटती ठेवायचं काम या लोकांनी केलं. त्यामुळे ‘बघू, नंतर करू’ म्हणायची सोय दिल्लीला उरली नाही. ‘एका खमक्या माणसाने केलं’ हे वाक्य या सगळ्यांना एका फटक्यात पुसून टाकतं. माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे.

तीन, कम्युनिस्ट. तेलंगणात नलगोंडा–वरंगळकडे गावंच्या गावं त्यांच्या ताब्यात गेली होती. मे १९४८ मध्ये निजाम सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, तेव्हा दिल्लीच्या पोटात गोळा आला. निजाम पडला आणि मोकळी जागा कम्युनिस्टांनी भरली तर? म्हणून निजामाला घालवायचं ते आपण घालवायचं. फौज १७ सप्टेंबरला थांबली नाही, तेलंगणात ती १९५१ पर्यंत कम्युनिस्टांशी लढत राहिली, यावरून काय ते समजा.

चार, सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी शस्त्रं आणत होता. हे कारण लष्करीच आहे, नाकारत नाही. थांबावं तर समोरचा बळावतो. आणि २१ ऑगस्टला हैदराबादने युनोच्या सुरक्षा समितीकडे तक्रार दिली होती. काश्मीर तिथे नेऊन काय झालं ते सभागृहातल्या प्रत्येकाला दिसत होतं. दुसरं काश्मीर होऊ दिलं तर सरकारला तोंड दाखवायला जागा नव्हती.

‘तेव्हा निवडणुका कुठे होत्या, मग कसलं राजकारण?’ असं कुणी विचारेल. खरंय, पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१–५२ ची. पण देशांतर्गत राजकारण म्हणजे नुसती मतं नव्हेत. प्रांतिक सरकारं, पक्षातले गट, सभागृहातले प्रश्न, वर्तमानपत्रं, हद्दीवरचे निर्वासित, विरोधकांना जागा मिळण्याची भीती, हे सगळं त्यात येतं.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.’ नळदुर्गपुढे, उमरग्याहून राजेश्वरकडे जाताना चकमकी झाल्या, पुण्याहून आलेल्या टेम्पेस्ट विमानांनी वाट मोकळी केली. म्हणजे ‘एक गोळी न झाडता’ हे तर खोटंच. पण त्याहून भयंकर ते कारवाईत आणि कारवाईनंतर झालं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये ती गावोगाव फिरली. कमीत कमी धरून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. मेलेले प्रामुख्याने मुसलमान. त्यातले बहुतेक रझाकार नव्हते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं.

रझाकारांनी आधी काय केलं ते लपवायचा प्रश्नच नाही; जळालेली गावं, लुटलेली घरं, सगळं खरं आहे. त्यांनी मुसलमानांनाही सोडलं नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात मारलं. पण रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याच्या पापाची किंमत उस्मानाबादच्या विणकराने आणि नांदेडच्या शेतमजुराने का भरायची? आणि सुंदरलाल अहवाल सरकारने छापला नाही. पटेलांना तो मुळातच पसंत नव्हता, नेहरूंनीही बाहेर काढला नाही, सामान्य वाचकाला तो पाहायला मिळाला २०१३ च्या सुमारास. हा निर्णयही देशांतर्गत राजकारणाचाच. शाळेत मुलांसमोर ‘केसालाही धक्का लागला नाही’ वाचायचं तर त्या वर्गात बसलेल्या काही मुलांच्या घरी दुसरी आठवण असते, याचं भान ठेवा.

युनोचं: पत्ता लागायचा काय, तक्रार आधीच गेली होती आणि १६ सप्टेंबरला पॅरिसला सुरक्षा समितीत हैदराबादवर चर्चाही झाली. दुसऱ्या संध्याकाळी लढाई थांबली. १८ ला निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली आणि २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार पाठवली.

राहिला ‘निजाम गुडघ्यावर’. ज्याला गुडघ्यावर आणलं म्हणता त्या मीर उस्मान अलीला २६ जानेवारी १९५० ला याच सरकारने हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, केलं आणि १९५६ ला राज्य मोडेपर्यंत ठेवलं. कासिम रझवी तुरुंगात, निजाम राजप्रमुखपदावर. बाकीचे राजेरजवाडे बघत होते, राज्यातला मुसलमान धास्तावलेला होता, जुनी कचेरी चालू ठेवायची होती. म्हणून सही करायला तोच माणूस बरा वाटला. तो निर्णय नेहरूंचा होता आणि सरदारांचाही.