सावली मोजणारे शिक्षक एकमेकांना कसे सापडतील?

केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, विषयाचा ग्रुप, संघटनेचा ग्रुप. एवढं असूनही आपल्यासारखीच आकाशाची किंवा झाडांची आवड असलेले सर किंवा बाई कुठल्या जिल्ह्यात आहेत, हे आपल्याला ठाऊक नसतं. हे ग्रुप पदावर आणि हद्दीवर बांधलेले आहेत. परिपत्रकं, माहितीचे तक्ते यांसाठी ते हवेतच. पण वर्गाला वर्ग जोडायचा असेल तर दोन शिक्षकांची एक आवड आणि मोजता येईल असा एक प्रश्न लागतो, असं माझं ठाम मत आहे.

‘ऑनलाइन उपक्रमात कोणाला रस आहे का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा हे टाका: ‘सातवीचा वर्ग, नागपूर. २२ डिसेंबरच्या आसपास दुपारची सावली मोजायची आहे. कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गातली शाळा हवी. तीन दिवस, रोज पाऊण तास.’ एक होकार आला तरी पुरे.

दक्षिणेकडचीच शाळा का? कारण इथे सावलीवरून दोन गावांच्या अक्षांशातला फरक मोजायचा आहे आणि त्यावरून त्यांच्यातलं उत्तर-दक्षिण अंतर काढायचं आहे. नागपूर-अमरावती जोडीत तो पाव अंशही नाही. कोल्हापूरशी तो साडेचार अंशांच्या जवळ जातो.

बहुतेक जण हा प्रयोग २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला करतात. मी डिसेंबर सुचवेन. सप्टेंबरात आपल्याकडे ढग असतात आणि मार्चमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची झाली की मध्यान्हाला मुलं घरी असतात. शिवाय दोन्ही गावांनी एकाच दिवशी मोजलं तर काठी आणि सूर्यकिरण यांच्यातल्या कोनांतला फरक कोणत्याही तारखेला तोच येतो, मात्र सूर्य दोन्हीकडे दक्षिणेला हवा. एक मीटर काठीची सर्वांत लहान सावली २२ डिसेंबरला नागपुरात ९८-९९ सेंटिमीटर भरते, कोल्हापुरात ८४ च्या आसपास. एवढा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो.

घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह, हा गैरसमज सगळीकडे आडवा येतो. त्या दिवशी नागपुरात सावली साधारण १२.१२ ला सर्वांत लहान होते, कोल्हापुरात १२.३१ ला. म्हणून इथे ११.५० पासून आणि तिथे १२.१० पासून दर पाच मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत लहान सावली घ्यायची. दोघांनी ठरवून एकाच मिनिटाला मोजलं तर प्रयोग बिघडतो.

काठी ओळंब्यानं उभी करा. ती उत्तरेकडे दोन अंश कलली तर सावली साडेतीन सेंटिमीटरनं वाढते, कोन अंशभर चुकतो आणि निघणारं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त हुकतं. टोकाची सावली दीड-दोन सेंटिमीटर पुसट असते, कारण सूर्य म्हणजे बिंदू नाही, तबकडी आहे. त्या पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करायची, हे दोन्ही वर्गांनी आधीच ठरवलेलं असावं. एकानं आतली कड आणि दुसऱ्यानं बाहेरची धरली तर आकडे जुळत नाहीत, आणि मग मुलांना वाटतं समोरच्यांनी निष्काळजीपणा केला.

सातवीला त्रिकोणमिती नसते. वर्गाच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाचा काटकोन त्रिकोण काढा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन मोठ्या कोनमापकानं मोजा. नागपूरचा साडेचव्वेचाळीस, कोल्हापूरचा चाळीसच्या जवळ यायला हवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून फरकाला १११ नं गुणलं की उत्तर-दक्षिण अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास येतं. रस्त्यानं तर कितीतरी जास्त आहे, मग हे एवढंच कसं, असं मुलं हमखास विचारतात. नकाशा तेव्हा उघडायचा.

व्हिडिओ कॉल शेवटच्या दिवशी, वीस मिनिटांचा. आकडे आधीच एका सामायिक तक्त्यात भरलेले हवेत, सेंटिमीटरमध्ये, आणि एक मिनिटाचा व्हॉइस मेसेजही तयार ठेवा, कारण नेटवर्क गेलं तर तासच जातो. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं पालकांच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नका. काठीचा आणि खुणांचा फोटो पुरतो.

आकाशात रस नसेल तर झाडं आहेत. काटोलच्या शाळेनं संत्र्याचा आंबिया बहार (थंडी सरताना येणारा फुलोरा) आणि रत्नागिरीच्या शाळेनं आंब्याचा मोहोर नोंदवावा: पाच फांद्यांना फीत बांधायची, पहिलं फूल दिसल्याची तारीख लिहायची आणि आठवड्यातून एकदा त्याच फांद्या बघायच्या. हे काम हळू चालतं, पण दोन शिक्षकांची ओळख पक्की होते.

सावलीसाठी जोडीदार शोधायला दिवाळीच्या सुट्टीतच लागा. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे चाचण्या आणि सहलींच्या तारखाही जुळतीलच असं नाही. आधी दोघा शिक्षकांनी आपापल्या अंगणात एकदा काठी लावून आकडे ताडून पाहावेत, मग वर्ग बाहेर काढावा.