नवऱ्याचं गुपचूप कर्ज आणि व्हॉट्सॲपवरचा कायदा

आमच्याकडे कुडाळ-मालवणच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘भगिनींनो, वाचा आणि पुढे पाठवा’ अशी सुरुवात आणि खाली पाच दावे. लग्न असताना नवऱ्यानं काढलेलं कर्ज निम्मं बायकोचं. घटस्फोटाच्या हुकुमात ‘कर्ज त्याचं’ असं लिहून घेतलं की बँक हात लावू शकत नाही. स्वतःचा सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, बघितला तर स्कोअर पडतो, म्हणून बघू नका. वसुलीवाला आला तर थोडे पैसे भरून विषय मिटवा. आणि नवऱ्यानं परस्पर तुमच्या नावावर कर्ज काढलं असेल तर पोलीस काही करत नाहीत.

पाचही दावे चुकीचे आहेत, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. कर्ज नात्याला चिकटतं असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं. ते चिकटतं सहीला. नवरा माजी आहे की आजी, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. अर्जावर कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही कोणाची आहे, एवढंच ती बघते.

म्हणजे पहिला दावा इथेच पडतो. नवऱ्यानं एकट्याच्या सहीनं होडीच्या इंजिनासाठी किंवा कलमांच्या बागेसाठी कर्ज काढलं आणि तुम्ही कुठेच सही केली नसेल, तर महाराष्ट्रात ते केवळ बायको म्हणून तुमच्याकडून वसूल होत नाही. उलट तुम्ही जामीनदार असाल, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँक आधी त्याच्यामागे आणि मग तुमच्यामागे लागेल असंही नाही. आपल्याकडे ‘दाखवतो तिथे सही कर’ म्हटलं की बायका सही करतात, आणि पुढे ‘घोवान काढलेला कर्ज, माका काय म्हायत?’ असं म्हणायची पाळी येते. ती सही खरी असेल तर हे उत्तर कोर्टात फारसं चालत नाही, हे कडू असलं तरी सांगायलाच हवं. क्रेडिट कार्डाचंही तसंच. मुख्य कार्ड तुमचं आणि त्यावरचं जोडकार्ड त्याच्याकडे असेल, तर त्याचा खर्च तुमच्या माथी. ते कार्ड आजच बंद करा.

एक अपवाद मात्र आपल्या शेजारीच आहे. सावंतवाडी-दोडामार्गातल्या कितीतरी मुली पेडणे-डिचोलीत दिलेल्या आहेत. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात, आणि विभागणीच्या हिशेबात देणीही येतात. तिथलं प्रकरण असेल तर ओरोसच्या वकिलापेक्षा म्हापशाचा वकील गाठलेला बरा.

दुसरा दावा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा वाटतो. संमतीच्या घटस्फोटात ‘घरकर्जाचे हप्ते पती भरील’ अशी अट घालता येते आणि ती नवऱ्यावर बंधनकारकही असते. पण बँक त्या खटल्यात पक्षकारच नव्हती, मग हुकूम तिला कसा बांधणार? त्यानं हप्ते थकवले तर बँक सहकर्जदार म्हणून तुम्हालाच नोटीस काढते आणि थकबाकी तुमच्याही नोंदीत चढते. भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करायला तुम्हाला दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. खरा उपाय निकालाआधीचा आहे. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर फिरवून घ्यायचं, किंवा तुमच्या जागी दुसरा जामीनदार देऊन बँकेकडून तसं लेखी घ्यायचं. शिवाय 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. लपवलेली कर्जं बाहेर काढायला ते चांगलं हत्यार आहे. पण बरेच जण ते प्रतिज्ञापत्र नुसतं भरायचं म्हणून भरतात.

आता सिबिल. आपला अहवाल आपणच काढला तर स्कोअरला धक्का लागत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेनं काढला, तर त्याची चौकशी म्हणून नोंद होते. हा फरक न कळल्यामुळे बायका अहवालच काढत नाहीत. मग तारकर्लीत न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या बांधायला कर्ज मागायला गेल्यावर साहेब म्हणतात, ‘मॅडम, तुमचं एक खातं थकीत दिसतंय.’ सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. दरवर्षी प्रत्येकीकडून एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण प्रत्येक कर्ज चारही ठिकाणी सारखंच दिसेल असं नाही.

अहवाल हाती आला की स्कोअरचा आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक खात्यासमोर मालकीचा रकाना असतो: वैयक्तिक, संयुक्त, जामीनदार की कार्डाचा अधिकृत वापरकर्ता. तुम्हाला माहीतच नसलेलं खातं ‘वैयक्तिक’ म्हणून दिसलं तर ते उघडल्याची तारीख बघा. त्या तारखेला तुम्ही माहेरी होता का, वेगळ्या राहत होता का? मग संपर्काच्या भागात जा. तिथे तुमचा नसलेला मोबाईल नंबर आणि सासरचा पत्ता सापडला, तर ओटीपी कोणाच्या फोनवर गेला असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. महिन्यावार रकान्यात 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 060 म्हणजे साठ दिवस थकलेला.

मग त्या बँकेकडे आणि अहवालाच्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. मूळ अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कोणत्या खात्यात जमा झाले त्याचा तपशील मागा. या शेवटच्या कागदावरच बरीच प्रकरणं सुटतात. तक्रार 30 दिवसांत निकालात निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथे फी नाही. आणि न मागितलेलं क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर निघालं असेल, तर त्याच्या गैरवापराची जबाबदारी कार्ड देणाऱ्याची, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात.

पण आपल्याकडची निम्मी कर्जं पतसंस्थांची! त्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांची तक्रार चालत नाही, आणि तिथलं कर्ज सिबिलमध्ये दिसेलच असंही नाही. अहवाल स्वच्छ निघाला म्हणून निर्धास्त राहू नका. पतसंस्थेची किंवा उपनिबंधक कार्यालयाची नोटीस आली तर ती फ्रिजवर ठेवू नका. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला एकदा निघाला की ‘सही माझी नव्हतीच’ हे सांगायची वाट फार अरुंद होते. नोटिशीला मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच सांभाळा.

‘थोडे पैसे भरून मिटवा’ हा सल्ला वसुलीवाल्यानंच लिहिलाय की काय असं वाटतं. नाकारायचं ते कर्ज तुम्ही पाचशे रुपये भरून स्वतःहून मान्य करता, आणि मुदत संपायच्या आत भरले तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्याची घड्याळंही नव्यानं सुरू होऊ शकतात. एजंटला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे, तेही त्याला ऐकवा.

राहिले पोलीस. खोटी सही, तोतयेगिरी, दुसऱ्याचा ओटीपी वापरणं हे नवऱ्यानं केलं तरी गुन्हेच आहेत. भारतीय न्याय संहितेची 318, 319 आणि 336 ही कलमं, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-सी, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रकार 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर जुना दंडविधान लागतो. ठाण्यात ‘घरचं भांडण’ म्हणून एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, बोळवण करतात, हा अनुभव खोटा नाही. पण तिथे थांबायचं कारण नाही. तीच तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या फीचं ओझं असेल तर ओरोस किंवा रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना अहवालाची प्रत, तक्रारींच्या पोचपावत्या आणि घटस्फोटाच्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल सोबत ठेवा.