हॉरर ट्रेलर करा, पण त्यातली डाकीण काढा

डिसेंबर लागला की जळगाव-भुसावळकडची कॉलेजची पोरं माझ्याकडे यायला लागतात. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे माईक, लाईट, ट्रायपॉड सगळं एका जागी मिळतं. गॅदरिंगला दीड मिनिटाचा हॉरर ट्रेलर दाखवायचा असतो आणि वर्गणी काढून हजारभर रुपये जमलेले असतात. मला ही पोरं मनापासून आवडतात. पण त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर दरवर्षी तीच बाई असते. पांढरी साडी, मोकळे केस, गावाबाहेरची खोली, आणि गावातला म्हातारा सांगतो, ती डाकीण आहे.

ही बाई काढा, असं मी यंदा सगळ्यांना आधीच सांगतोय.

आपल्याच खान्देशात, सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावातून हाकललं गेलंय, काहींचा जीवही गेलाय. कुणाचं लेकरू आजारी पडतं, कुणाचं जनावर दगावतं आणि बोट जातं एखाद्या एकट्या बाईकडे. कधी खरं कारण तिच्या नावावरची जमीन असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते त्या भागात जाऊन, पाड्यावर बसून या प्रथेविरुद्ध बोलत आलेत. २० ऑगस्ट २०१३ ला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. बाई चेटूक करते असं म्हणून तिला छळणं हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे.

तुमच्या हॉलमध्ये त्याच पाड्यांवरून शिकायला आलेल्या मुलीही बसलेल्या असतात. एका होस्टेलात असा ट्रेलर गाजल्यावर धडगावकडच्या एका मुलीला पोरांनी तेच नाव पाडलं. ती पुढे मेसमध्ये सगळे उठून गेल्यावरच जेवायला जायची. हे तिच्या मैत्रिणीकडून कळल्यापासून मी त्या बाईचा एकही शॉट एडिटला घेत नाही. "दादा, पिक्चरच तर आहे," असं पोरं म्हणतात. पिक्चर तीनशे पोरं एकदम बघतात, आणि बोट कुणाकडे दाखवायचं हे त्यात तुम्ही ठरवता.

मग घाबरवायचं कशानं? अरे, रावेर-यावलची पोरं तुम्ही, केळीच्या बागेत वाढलात! भर दुपारी बागेत दहा पावलं आत गेलं की कोणत्या सरीतून आलो ते कळत नाही. चारी बाजूंनी सारखी खोडं, सारखं अंतर. वारा नसताना एखादंच पान हलतं. याच्यासाठी सेट लावायचा म्हटला तर लाखांत जाईल, तुम्हाला तो काकांच्या शेतात फुकट आहे.

शूटिंगही दुपारीच करा. रात्री मोबाईलच्या कॅमेऱ्यात अंधार येत नाही, नुसते दाणे येतात. शिवाय साप आहेत, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे. दुपारी बागेत आभाळ दिसत नाही, त्यामुळे एक्स्पोजर चांगलं खाली ओढा, व्हाईट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास ठेवून लॉक करा, सगळं निळसर होतं आणि रात्र वाटते. पानांतून ऊन पडून जमिनीवर कवडसे उमटतात, तेवढे फ्रेममधून टाळा. टॉर्चचा शॉट मात्र दिवस मावळल्यावर, उजेड पुरता जायच्या आत उरकायचा. पाण्याच्या मोटारीच्या खोलीतल्या दिव्याखाली शूट करताना शटर १/५० ठेवलं की चित्र फडफडत नाही. बाग मृगबागेपैकी, म्हणजे जून-जुलैत लावलेली बघा. ती डिसेंबरात डोक्यावर गेलेली असते, पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग तेव्हा अजून लहान. आणि मालकाला विचारल्याशिवाय आत पाय टाकू नका. घड निसवत, म्हणजे बाहेर पडत असताना पानं फाडलीत तर नुकसान त्याचं होतं.

रक्तासाठी पैसे घालवू नका. केळीचा चीक पांढऱ्या कापडावर पडला की आधी काहीच दिसत नाही. वाळला की तपकिरी-काळा डाग उमटतो, धुवून जात नाही, आणि कॅमेऱ्यात हुबेहूब जुन्या रक्तासारखा दिसतो. कापणीवाल्यांचे सदरे बघा, तुम्हाला आणखी काही सांगायला लागणार नाही. फक्त उधार आणलेले कपडे त्या दिवशी घालू नका.

पैसे आणि वेळ द्यायचाच असेल तर आवाजाला द्या. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची काडी, माईकजवळ हळूहळू मोडा, ऐकणाऱ्याला स्वतःची हाडं आठवतात. सुकलेलं केळीचं पान फरशीवरून ओढा. संवाद दुसऱ्या मोबाईलवर वेगळे रेकॉर्ड करा, आणि ते आपल्या बोलीत ठेवा. हिंदी पिक्चरमधली वाक्यं आपल्या पोरांच्या तोंडात बसत नाहीत. अंधारात एक म्हातारा अहिराणीत नुसतं "कोन शे तठे?" (कोण आहे तिथे?) म्हणाला की धुळ्यापासून चाळीसगावपर्यंतचा प्रेक्षक गप्प होईल. रावेरकडचे असाल तर लेवा गणबोलीत बोलू द्या.

गोष्टही शेतातच आहे. शेतीची वीज कित्येकदा रात्रीच येते, म्हणून मोटारीला ऑटो, म्हणजे आपोआप चालू करणारा स्टार्टर लावलेला असतो. वीज आली की कुणी नसताना मोटार सुरू होते, पाईपात पाणी सुसाटतं. याची आपल्याला सवय आहे. आता समजा, अख्ख्या शिवारात वीज गेलेली आहे, गाव काळं पडलंय, आणि मोटार चालू आहे. ट्रेलरला एवढंच पुरतं. का चालू आहे, कोणी चालू केली, हे दाखवायचंच नाही. ट्रेलरने प्रश्न सोडून उठायचं असतं, आणि तुमच्या बजेटमध्ये उत्तर बसतही नाही.

सामान कमी आहे म्हणून रडणाऱ्यांनी एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून या. तो माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यावर नेमका उजेड टाकून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्या फोटोंनी जगभर बक्षिसं मिळवली. १९८९ ला ते गेले, काम अजून तिथे भिंतीवर आहे. खान्देशात बसून काय होणार, असं म्हणणाऱ्या पोरांना मी तिथेच पाठवतो.

यंदा माझ्याकडे येताना वहीत आधी आवाज लिहून आणा, मग त्यासमोर शॉट. पऱ्हाटी, बंद पडणारी मोटार, स्टार्टरचा खटका, बागेतला वारा, हे सगळं मी गेल्या उन्हाळ्यापासून रेकॉर्ड करून ठेवलंय. ज्यांच्या गोष्टीत डाकीण नाही त्यांना एडिटिंगसकट फुकट देईन. इनबॉक्स करा, पण गॅदरिंगच्या आदल्या रात्री नको.