टाकी भरल्याशिवाय उठायचं नाही

एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा तीच टाकी १२ तासांत भरतो. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?

हसू आलं ना? यायलाच पाहिजे. हे गणित तुम्ही सातवीच्या स्कॉलरशिपला केलंय. (मधली काही वर्षं ती परीक्षा आठवीला होती, पण नळ तेच आहेत.) धड्याचं नाव ‘काळ, काम, वेग’. आता तुम्ही इंजिनिअर झालात, हिंजवडीत दोन वर्षं काढलीत आणि नोव्हेंबरच्या शेवटाला कॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा देणार आहात. आयआयएमला निघालेल्या माणसानं नळाखाली बादली लावून बसायचं नसतं. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: येतं ते करायचं नाही. येतंच आहे, मग करून काय मिळणार?

सुरुवात पुस्तकांपासून करा. अप्पा बळवंत चौकात जाऊन तीन जाडजूड पुस्तकं आणा. एका पुस्तकावर भागवणारी मुलं असतात, त्यांच्या नादी लागू नका. जुनी प्रत मिळाली तर उत्तमच, आधीच्या मालकानं कुठे हात टेकले ते तरी कळतं. पहिला धडा संख्यापद्धतीचा, तो पेन्सिलीनं काळाकुट्ट. पुढे पान उलटावं तशी स्वच्छता वाढत जाते, आणि भूमिती आली की पानं अशी कोरी की हळदकुंकू वाहावं. तुम्हीही पहिल्या धड्यापासूनच सुरू करा. १०० फॅक्टोरियलच्या, म्हणजे १ ते १०० च्या गुणाकाराच्या, शेवटी २४ शून्यं येतात हे स्वतःच्या हातानं काढल्यावर जे समाधान मिळतं, त्यात जून, जुलै आणि ऑगस्ट सहज निघून जातात. अलीकडे पेपरात शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, मिश्रण, समीकरणं यांचाच भरणा असतो असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवा, आणि सातच्या शंभराव्या घाताला पाचानं भागल्यावर बाकी काय उरते याच्या मागे लागा. (१ उरते. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा.)

मराठी माध्यमातून आलेल्यांना यात पंधरा दिवस वाढवून मिळतात. ‘एलसीएम’ हा आपलाच लसावि आणि ‘एचसीएफ’ हा मसावि, हे कळायला वेळ लागतो. गावातला चुलता विमानतळावर टाय लावून भेटावा, तसं होतं.

मग क्लृप्त्या गोळा करा. ९७ गुणिले ९४ कागदाशिवाय कसं करायचं? ९७ शंभराला ३ कमी, ९४ हे ६ कमी. कमी-कमीची बेरीज ९, ती शंभरातून गेली की ९१. कमी-कमीचा गुणाकार १८. उत्तर ९११८. वा! हे तुम्ही रात्री जेवताना बाबांना करून दाखवा, मामाच्या मुलीच्या लग्नात करून दाखवा. २०१५ पासून कॅटच्या स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो, ही गोष्ट त्या वेळी काढू नका, रसभंग होतो. अशा क्लृप्त्यांचे व्हिडिओ ‘नंतर बघू’च्या यादीत टाकत राहा. यादी चारशेच्या वर गेली की अभ्यास चांगला चाललाय असं समजावं.

पर्यायांशी कसं वागायचं, हेही शिकून घ्या. पुण्याहून साताऱ्याला जाताना ताशी ४० चा वेग, त्याच रस्त्यानं परत येताना ताशी ६०, तर सरासरी वेग किती? ठामपणे ५० म्हणा. ५० हा पर्याय खास तुमच्यासाठी छापलेला असतो. पेपर काढणाऱ्यांनी तुमचा विचार करून तो घातलाय, त्यांच्या कष्टांची जाण ठेवा. दुकानात २० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के? चाळीस, आणखी किती? ४८ आणि ३६ अशी उत्तरं काढणारे लोक वेगळे असतात. हळू जाताना वाटेत जास्त वेळ जातो, दुसरी सूट उरलेल्या ऐंशीवर मिळते, असल्या किरकोळ गोष्टींचा ते विचार करत बसतात. सोप्या प्रश्नात शेवटी काय विचारलंय ते पुन्हा वाचायला त्यांना लाजही वाटत नाही.

आता जरा घरचं उदाहरण. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत मधमाश्यांचं एक गणित घातलं. थव्यातल्या एक पंचमांश माश्या कदंबावर गेल्या, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक माशी केतकी-मालतीच्या वासानं भुलून हवेतच घुटमळत राहिली. तर थवा केवढा? (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आजोबांनी प्रश्नसंच काढायचा आणि नातवानं क्लास चालवायचा, ही परंपरा आपल्याकडे खानदेशातूनच आली असं म्हणायला हरकत नाही.)

हे गणित करायची एक अशिष्ट पद्धत आहे. माशीचे तुकडे होत नाहीत, म्हणजे थव्याला पाचानंही भाग जायला हवा आणि तिनानंही. लसावि १५. पंधराच घेऊन बघू: ३ कदंबावर, ५ शिलींध्रावर, फरक २, त्याची तिप्पट ६. झाल्या १४, उरली १. संपलं. दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत. कृपा करून असं करू नका. यात क्ष कुठे आहे? छेद समान करणं कुठे आहे? ‘म्हणून’चे तीन टिंब कुठे आहेत? नाहीत. ज्याला असं सुटतं त्याला गणित येत नाही, फक्त उत्तर येतं. तुम्ही क्ष माना, समीकरण मांडा, पायऱ्या दाखवा. कॅटच्या सर्व्हरला पायऱ्या दिसत नाहीत हे खरं, पण आपल्याला दिसतात ना?

मॉकबद्दल, म्हणजे सराव परीक्षांबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. आठवड्याला दोन द्याव्यात, निकालाचा आकडा ग्रुपवर टाकावा आणि कोणते प्रश्न का चुकले ते बघू नये. बघितलं की मन खट्टू होतं.

आता परीक्षेचा दिवस. केंद्र गावाबाहेर, हायवेला लागून. तिथल्या एसीत स्वेटर घालावा की नाही याचा वाद बाहेर रिक्षा थांबेपर्यंत संपवून टाका. पेपरात आधी इंग्रजी, मग डीआय-एलआर (तक्ते आणि तर्क) आणि शेवटी क्वांट, म्हणजे आपलं गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि वेळ झाली की स्क्रीन आपोआप पुढे सरकतो. क्वांटचे २२ प्रश्न म्हणजे प्रत्येकी १०९ सेकंद. कुठल्याही प्रश्नावरून कुठल्याही प्रश्नावर उडी मारता येते, स्क्रीनच्या बाजूला क्रमांकांची अख्खी पट्टी असते. तिच्याकडे बघू नका. तुम्ही एकापासून क्रमानं चला. वाढलेलं ताट जसं डाव्या बाजूच्या मिठापासून सुरू होतं, तसं.

तिसऱ्या प्रश्नाला वर्तुळात त्रिकोण आणि त्रिकोणात वर्तुळ भेटेल. हा तो क्षण. याच्यासाठीच तुम्ही वर्षभर राबलात. पहिली दोन मिनिटं आकृती काढण्यात जातील. पुढची दोन आकृती मोठी काढण्यात. चार मिनिटं झाली, आता सोडायचं? चार मिनिटं घातली ती फुकट घालवायची? शक्य नाही. (एमबीएच्या पहिल्याच सत्रात याला ‘सन्क कॉस्ट’ म्हणतात आणि गेलेल्या खर्चाकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये असं शिकवतात. पण तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत, तेव्हा तो नियम तुम्हाला लागू नाही.) आठव्या मिनिटाला एक कर्ण सापडतो. नवव्या मिनिटाला तो कर्ण नव्हताच हे कळतं. दहाव्या मिनिटाला शेजारचा मुलगा माउस टकटक करत भराभरा पुढे जाताना ऐकू येतो. त्याच्याबद्दल मनात कीव आणा, तो प्रश्न सोडतोय.

मी स्वतः एका त्रिकोणात ११ मिनिटं घालवली आहेत. त्याचं क्षेत्रफळ मला अजून पाठ आहे. पर्सेंटाइल आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण ते तुमच्या कामाचं नाही.

इथे काही लोक एक अप्रिय हिशेब मांडतात. क्वांटचे एकूण गुण ६६. अलीकडच्या वर्षांत त्यातले निम्म्याच्या आगेमागे मिळाले तरी त्या विभागात ९९ पर्सेंटाइलच्या आसपास जाता येतं. म्हणजे नऊ-दहा प्रश्न न बघितल्यासारखे करून पुढे जायला ही परीक्षा स्वतःच सांगते. पण सोडायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलंय का? दहावीला एक उपप्रश्न कोरा राहिला होता तर आईनं आठवडाभर विचारलं होतं. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्या मागे किती टक्के मुलं आहेत त्याचा आकडा, हे शेजारच्या काकांना समजावण्यात जे श्रम पडतात, त्यापेक्षा त्रिकोण सोपा.

शेवटच्या तीन मिनिटांत मात्र देवावर भार टाकावा. चार पर्याय, बरोबरला ३, चुकलं तर वजा १. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक: ३ मिळाले, ३ गेले. देव काही देतही नाही, घेतही नाही. चारांतला एक पर्याय चुकीचा आहे हे खात्रीनं कळलं, तर हाच सौदा सरासरीनं फायद्यात जातो. म्हणून पर्याय नीट बघू नयेत, श्रद्धेत हिशेब येतो. आणि जिथे पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथे चुकलं तरी गुण जात नाहीत. असे रकाने स्वच्छ मोकळे सोडा. तुमच्या प्रामाणिकपणाची नोंद कुठेतरी होईलच.

हाच बाणा राज्याच्या एमबीए सीईटीलाही न्या. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, एकाला ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला काहीच कापत नाहीत. पन्नास क्वांटचे प्रश्न. सगळीकडे डोळे मिटून ‘ब’ ठोकणाऱ्यालाही सरासरीनं काही गुण पडतातच. तुम्ही मात्र खात्री नसलेलं उत्तर देऊ नका. शेवटी संस्कार म्हणून काही असतं.

परीक्षेनंतर काही दिवसांनी तुमचीच उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची ऑनलाइन येते. ती बघाच. तिसरा प्रश्न: त्रिकोण, ११ मिनिटं, उत्तर बरोबर, ३ गुण. आईला बोलावून दाखवा. मग खाली सरकत जा. पंधरानंतरचे प्रश्न तुम्ही उघडलेलेच नाहीत, त्यामुळे वाचायला अगदी नवे कोरे लागतील. सोळा, सतरा, अठरा. एकविसावा प्रश्न असा असेल: एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा तीच टाकी १२ तासांत भरतो, दोन्ही एकदम सोडले तर

उत्तर ४ तास.

शुल्क भरून आक्षेप घ्यायची सोय असते. आक्षेपाच्या रकान्यात लिहा: प्रश्न फारच सोपा आहे.