घसरगुंडी चावते

लांब लिहिणार आहे आज. स्वयंपाक झाला, लाइट आहे, नेट पण आहे, असा योग आमच्याकडे रोज नसतो.

आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव राहू द्या) दिवाळीनंतर शाळा आणि अंगणवाडीच्या एकत्र आवारात खेळणी बसली. लोखंडी घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ, सगळ्याला पिवळा-निळा ऑइलपेंट, नारळ फुटला, फोटो निघाले. थंडीत पोट्टे तुटून पडले त्याच्यावर आणि होळी येईपर्यंत घसरगुंडीवर कोणी चढेनासं झालं. ग्रामसभेत विषय निघाला की एवढा खर्च केला आन पोट्टे खेळतच नाईत, तर सगळ्यांचं एकच, आजकालची पोट्टी मोबाईलमधी घुसली, त्यांले मैदान नाई पायजे. मी पण मान हलवली. पहिलीला शिकवते मी, चौदा वर्षं झाली, बैठकीत मान हलवायचा अनुभव दांडगा आहे.

खरं कारण मला साडेचार वर्षांच्या एका पोरीनं सांगितलं आणि ते पण मी विचारलं नव्हतं. माझ्या बाजूनं चालता चालता ती घसरगुंडीपासून चांगली लांबून वळली आणि म्हणाली, "थे चावते."

"कोण चावते?"

"घसरगुंडी. इथं." असं म्हणून मांडीच्या मागं हात लावला.

साडेदहा वाजले होते. मी त्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तसाच उचलला. तोंड पूर्वेला, वर ना झाड ना टिन, सकाळपासून ऊन थेट त्याच्यावर. मार्चमध्ये ही गत, मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आणि लेकरांच्या अंगात काय, चड्डी नाहीतर आखूड फ्रॉक. मोबाईल बिचारा फुकटचा बदनाम झाला.

आता मजा अशी की आठ दिवसांपूर्वी मी याच पोरीची रीतसर मुलाखत घेतली होती आणि तिनं मला हे काहीच सांगितलं नव्हतं. एका प्रशिक्षणात गृहपाठ होता, चार ते सहा वयाच्या मुलांशी बोला, त्यांना शाळा-अंगणवाडीबद्दल काय वाटतं ते लिहून आणा. मी दहा प्रश्नांचा कागद केला, ऑफिसात फॅनखाली बसले, एकेकाला आत बोलावलं. समोर मोठी खुर्ची, त्याच्यावर लेकरू, पाय लटकलेले, वर महापुरुषांचे फोटो. अंगणवाडी कशी आहे? "चांगली." काय आवडते? "खिचडी." आणि काय आवडते? "मॅडम." एका पोरानं तर सगळ्याच प्रश्नांना "लाल" सांगितलं. मला आधी कळेना, मग आठवलं की मागच्या वर्षी मोठ्या भावासोबत तो शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात आला होता, तिथं सात टेबलं असतात, एका टेबलावर त्याला रंग विचारला असेल, त्यानं लाल सांगितलं असेल, टाळ्या वाजल्या असतील. मॅडम टेबल घेऊन बसली की लाल म्हणायचं, इतकं साधं गणित त्याचं. मी परत विचारलं, अरे नीट सांग, तुला इथं काय आवडते? तर घाबरून म्हणाला, "निळा."

हे निळा प्रकरण नंतर मला फार लागलं. पियाजे वाचला होता डी.एड.ला, लहान मुलं विचार कसा करतात ते अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ, तो गोट्यांच्या दोन ओळींचा प्रयोग, दोन्ही ओळीत सारख्या आहेत ना विचारायचं, मग एक ओळ पसरवायची आणि परत विचारायचं, आता? लहान मुलं सांगतात की लांब ओळीत जास्त. आम्ही पाठ केलं की या वयात समज नसते आणि मार्क घेतले. पण १९७४ साली सुसान रोज आणि मॅरियन ब्लँक या दोघी संशोधक बायांनी तोच प्रयोग असा केला की प्रश्न एकदाच विचारायचा, ओळ पसरवल्यावर. तर जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. म्हणजे मोठं माणूस तेच परत विचारते तेव्हा लेकराला वाटते, आपलं पहिलं चुकलं वाटते, बदला लवकर. आता आमच्या वर्गात आम्ही दिवसभरात किती वेळा म्हणतो, "नीट विचार करून सांग"? मोजायला गेले तर मलाच लाज वाटेल.

आणि आपल्याकडचा अजून एक घोळ आहे, तो पुस्तकात नाही भेटत. आपला "काऊन", म्हणजे "का". लेकरानं जन्मापासून काऊन कुठं ऐकला? काऊन पाडलं, काऊन मारलं, काऊन मळवली चड्डी. त्याच्या दृष्टीनं काऊन म्हणजे दोन मिनिटांनी धपाटा. मग तुम्ही कितीही गोड आवाजात "काऊन नाही आवडत बाळा" विचारा, ते तोंड मिटून घेते. मी आता काऊन सोडला, "मंग काय झालं" इतकंच म्हणते. कधी तेही नाही, नुसतं हूं. आजीबाया ओट्यावर शेंगा सोलता सोलता सगळ्या गावाच्या गोठी काढून घेतात, त्या कुठं कोणाला समोर खुर्चीत बसवतात? हात कामात असले आणि डोळे डोळ्यात नसले की माणूस बोलते, लेकरू तर बोलतेच बोलते. आणि एकट्यापेक्षा दोघं बरी, एकानं थाप मारली की दुसरा लगेच "खोटं बोलून राह्यला" म्हणते आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

तर कागद बाजूला ठेवला आणि पोरांनाच म्हटलं, मला तुमचं आवार दाखवा, मी नवीन आहे समजा. "तुमी त लय जुन्या हाय," एक जण म्हणाला. बरोबर आहे. पण निघाले. पोराबाळांचं एक शिष्टमंडळच, सोबत एक कुत्रं. आणि मी चौदा वर्षं ज्या आवारात येते ते मला माहीतच नव्हतं हो. निंबाच्या मुळ्यांमध्ये एक खड्डा आहे, तो दवाखाना. मागं घरकुलासाठी टाकलेली रेती आहे, तो समुद्र (समुद्र कोणीच पाहिलेला नाही). पऱ्हाटीच्या ढिगामागं साप राहते, तिकडं जायचं नाही. पाण्याची काळी टाकी रात्री बोलते. भिंतीला एक खिंडार आहे, तिथून शाळेत येणारे-जाणारे दिसतात आणि फाट्यावर एसटी थांबते ती पण दिसते, कापूस वेचायला गेलेल्या बाया त्याच रस्त्यानं परत येतात. ज्या पोराबद्दल सेविकाताई म्हणायच्या की सारखा वर्गातून पळते, तो पळून जात होता या खिंडारापाशी. बघायचा आणि परत यायचा. आम्ही ते बुजवायला सिमेंट मागवलं होतं.

मग मोबाईल दिला त्यांच्या हातात, हो, तोच बदनाम मोबाईल, म्हटलं जे दाखवावं वाटते त्याचे फोटो काढा. एकाच बकरीचे अकरा फोटो. माझी साडी खालून वर, भयंकर. बोटं भरपूर. पण त्यात संडासाच्या कडीचे चार फोटो होते, चार वेगवेगळ्या पोरांनी काढलेले, सगळे खालून. कडी इतकी वर की आत गेलेलं लेकरू ती लावू शकत नाही, म्हणून दार उघडं राहते, म्हणून मोठी पोरं चिडवतात, म्हणून ही जातच नाहीत, घरी जाईपर्यंत दाबून ठेवतात. दुपारची कुरकुर कशाची असते ते मला चौदाव्या वर्षी कळलं.

नंतर वाचताना कळलं की मी काही वेगळं केलं नव्हतं. इंग्लंडमध्ये अॅलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ च्या सुमारास हीच रीत बसवली, मोझेक म्हणतात तिला. मुलांनी फिरवून दाखवायचं, फोटो काढायचे, नकाशा करायचा, गप्पा मारायच्या आणि हे सगळे तुकडे जोडून त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं. नुसत्या प्रश्नोत्तरावर विसंबायचं नाही. लंडनच्या पोरांना पत्रा चावत नसेल, पण बाकी सगळं तेच.

एक चूक पण सांगते, नाहीतर वाटेल मी फार शहाणी. एका पोरानं निंबाखाली मला सांगितलं की तो उसळ खिशात भरून नेतो आणि कुत्र्याला देतो. मला इतकं हसू आलं, मी ते जेवताना मदतनीस ताईंना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा खिसा तपासला गेला. त्यानंतर दोन आठवडे मी निंबाजवळ गेले की सगळे गप्प आणि एकानं तर स्पष्ट सांगितलं, "मॅडमले नोका सांगू, त्या सांगते." लहान लेकराचं गुपित म्हणजे गंमत नसते हे मला डी.एड.मध्ये कोणी शिकवलं नव्हतं. (मारहाण, कोणी नको तिथं हात लावला, असं काही निघालं तर मात्र गुपित ठेवायचं नाही, लगेच १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनला, फोन करायचा. हे लेकरालाही आधीच साध्या शब्दात सांगून ठेवावं.)

आमच्या स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य, लेकराचं काय ऐकता, ऐकलं तर रोज चॉकलेट मागतील. मी यादी केली तर त्यांनी मागितलं काय? कडी खाली, घसरगुंडीवर सावली, रेती उचलू नका, खिंडार राहू द्या. एकानं हेलिकॉप्टर मागितलं, तेवढं सोडा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्काचा करार १९८९ चा, भारत १९९२ मध्ये त्यात आला, त्याच्या १२ व्या कलमात लिहिलंय की मुलाला स्वतःचं मत असते, ते मांडायचा त्याला हक्क आहे आणि वय-समज पाहून त्याला वजन द्यायचं. ऐकायचं म्हणजे लेकरू म्हणेल तसं नाचायचं असं त्यात कुठंच नाही. पण वजन शून्य द्या असंही नाही ना बाप्पा.

आणि आपण तर विदर्भातली माणसं, आपल्याला हे लंडनहून का आणावं लागते? लहान मुलांच्या शिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहिलेल्या बाई. पुढं त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला (आताचा पालघर जिल्हा) आदिवासी पोरांसाठी शाळा नेली कुठं, तर पाड्यातल्या अंगणात. अंगणवाडी नाव तिथलं. जी पोरं गुरं चारायला जात त्यांच्यामागं कुरणात गेल्या, कुरणशाळा. म्हणजे लेकरू जिथं आहे तिथं मोठ्यानं जायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. आता बघा, नावात अंगण आहे आणि पोरं दिवसभर दहा बाय पंधराच्या खोलीत, कारण बाहेर गेली तर पडतील, पडली तर बाप भांडायला येईल, सेविकाताई एकटी, तिच्या डोक्यावर ॲपमध्ये वजन-उंची भरायचं. तिला दोष द्यायला माझं तोंड नाही. तिच्याच सोबतीनं आम्ही आता सकाळचा पहिला दीड तास निंबाखाली काढतो, ऊन चढायच्या आत. बिल्लस, लगोरी, रेती. डाबडुबलीसाठी (झाडावर चढायचा खेळ) झाड उंच आहे म्हणून आम्ही नाही म्हटलं, त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.

कडीचं काम एका स्क्रू-ड्रायव्हरनं दहा मिनिटात झालं. सिमेंटचं पोतं खिंडाराऐवजी ओट्याला वापरलं. घसरगुंडीचं मात्र अडलंय. ग्रामसभेत मी "चावते" सांगितलं तर लोक खो खो हसले, एका काकांनी दुपारी एक वाजता जाऊन हात लावून पाहिला, ते नंतर हसले नाहीत. पण ती काँक्रीटमध्ये गाडलेली, हलवायची तर नवीन एस्टिमेट, वरून टिन टाकायचं तर कोणत्या हेडमधून, हे चालू आहे. पाऊस आला की तसंही विसरतील सगळे.

पोरांचं तिच्यावाचून काही अडलं नाही. घसरगुंडीच्या खाली चांगली सावली पडते, तिथं त्यांचं दुकान आहे. मार्चमध्ये पळसाची फुलं होती, आता निंबोळ्या. काल भाव विचारला तर दहा निंबोळ्यांना दोन पानं, पानं बी निंबाचीच पाहिजेत, बाभळीची चालत नाही. माझ्याजवळ नव्हती. ती चावते म्हणणारी पोरगी गल्ल्यावर होती, तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उद्या आणजा," आणि निंबोळ्या उधारीवर दिल्या.