पेन्शनरांची महागाई वाढ जाहीर झाली म्हणे! खात्यात कुठाय?

टीव्हीवर बातमीची पट्टी फिरली की शेजारीपाजारी पेढे मागायला हजर. कसले पेढे? महागाईपोटी मूळ पेन्शनवर जी जादा रक्कम मिळते, तिच्यातली जुलै २०२४ पासूनची ३ टक्के वाढ, म्हणजे ५० वरून ५३ टक्के, केंद्राने आपल्या लोकांना ऑक्टोबरातच दिली. राज्याचा शासन निर्णय उगवला फेब्रुवारी २०२५ मध्ये. जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांना तर तो ‘योग्य त्या फेरफारांसह’ लागू! सगळी मेख त्या फेरफारातच आहे. कोषागारातून पेन्शन घेणारे सुटतात. आपलं मात्र आधी अनुदान यायचं, ते जिल्ह्यातून तालुक्याला जायचं, मग पंचायत समितीत बिल व्हायचं. अनुदान तोकडं आलं की पहिली कात्री फरकाच्या, म्हणजे मागल्या महिन्यांच्या थकलेल्या रकमेला. नगरपालिकांमध्ये तिजोरीत खडखडाट असला की शासन निर्णय गेलाच फायलीत. नोकरीतले निदान काम बंदची धमकी देतात. पेन्शनर काय बंद करणार, रक्तदाबाची गोळी?

बरं, देता ती वाढ तरी धड हिशेबाने द्या! पेन्शनचा काही भाग सरकारला ‘विकून’ एकरकमी पैसे घेता येतात, पण महागाई वाढ त्या विक्रीपूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर असते. मूळ २०,००० आणि ४० टक्के विकली, तर ८,००० कापून उरतात १२,०००. पण त्या वेळचे ५३ टक्के काढायचे २०,००० वरच, म्हणजे १०,६००. टेबलावरच्या साहेबांनी १२,००० वर काढले की झाले ६,३६०. महिन्याला ४,२४० रुपयांचा चुना! पासबुकात एकच गोळा आकडा पडतो, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही. मूळ, वाढ, कपात अशी फोड लेखी मागा. तोंडी विचारलंत तर ‘बरोबर आहे हो काका’ यापलीकडे काही हाती लागणार नाही.

विक्रीची रक्कम मिळून १५ वर्षं झाली की ती ८,००० ची कपात थांबून पूर्ण पेन्शन सुरू व्हायला हवी. विक्रीची रक्कम कधी दिली ती तारीख यांच्याच दप्तरात, तरी अर्ज आपण करायचा, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स आपण जोडायची. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, नाहीतर महिन्याभराने ‘अर्ज आलाच नाही’. नोव्हेंबरात हयातीचा दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबवायला मात्र यांना कुणाचाच अर्ज लागत नाही!